काहूनताई

कोणीही काहीही लिहून दाखवलं, की ताई ते आधी मोठ्याने वाचायच्या, चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि आमच्या वऱ्हाडीत विचारायच्या, "काहून?" म्हणजे का. हे बटण इथेच काहून? अ‍ॅपला माणसाचे फोटो काहून पाहायचे आहेत? अमरावती-अकोल्याकडे मोबाइलची अ‍ॅप्स बनवणारे आम्ही पंधरा-वीस जण त्यांच्या पाठीमागे त्यांना काहूनताई म्हणायचो. त्यांच्या कानावर ते गेलं होतंच. रागावल्या नाहीत. "मी इचारणं सोडलं की मंग भेव धरा," एवढंच म्हणाल्या.

ताई अकोल्याच्या. वडिलांची गावाबाहेर भाजीची बाग. पुण्यात नोकरीत चांगल्या स्थिरावल्या होत्या, पण वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्या परत आल्या, घरूनच काम करू लागल्या. मी तेव्हा नांदगाव पेठेच्या एका कापड कारखान्यात संगणकाचं काम पाहत होतो. महिन्यातून एका रविवारी आम्ही सगळे अमरावतीत जमायचो. दर वेळी तेच प्रश्न, तीच उत्तरं. ताई म्हणाल्या, हे एकदाचं लिहून ठेवू, मराठीत, सगळ्यांनी मिळून. चूक दिसली की कोणीही दुरुस्त करावी. अशी आमची विकी सुरू झाली. शेतांमधून जाणारी वाट सगळ्यांची असते म्हणून तिचं नाव त्यांनी 'पांदण' ठेवलं. आम्ही खूश होतो. त्या मात्र त्याच दिवशी म्हणाल्या होत्या, की सगळ्यांच्या वाटेवरचा खड्डा कोणाचाच नसतो.

पान लिहिताना त्यांच्या डोळ्यांपुढे हुशार वाचक कधीच नसे. "घाईतला माणूस वाचते. अर्धं वाचते आन् उचलून नेते," असं त्या सांगायच्या. म्हणून प्रत्येक पानावर त्यांच्या लांबलचक सूचना असत. लोकेशनच्या पानावर तर लाल अक्षरांत अख्खा परिच्छेद होता. अ‍ॅप वापरणारा माणूस कुठे आहे, ही नोंद दूरच्या सर्व्हरवर साठते. ती कोणी पाहायची, याला कुलूप असतं. काम तपासताना सोय म्हणून ते कुलूप उघडं ठेवतात. तपासणी झाली की ते लावा, नाहीतर रस्त्यावरचा कोणीही माणूस ती नोंद वाचू शकेल, असं त्यांनी तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिलं होतं.

पांदण वाढली. बुलढाण्याहून, यवतमाळहून मुलंमुली लिहू लागली. आम्हाला उत्साह, आणि ताई दिवसेंदिवस गप्प. एका रविवारी ताईंच्या परतीच्या गाडीसाठी बडनेऱ्याला उभे असताना मी विचारलं, की एवढं छान चाललंय तर तुम्ही अशा का दिसता. त्या म्हणाल्या, पान किती जणांनी वाचलं ते आपल्याला दिसतं, पण कोणी काय उचलून नेलं आणि कुठे लावलं ते दिसत नाही. मला तो उगाचचा जाच वाटला. त्यांच्या भीतीला आम्ही हळूहळू हसायला लागलो होतो.

मग त्यांच्या वडिलांना दुसरा झटका आला. पंधरवडाभर ताई दवाखान्यात होत्या, आणि पानांची जबाबदारी माझ्याकडे होती. नव्या लोकांची तक्रार होती, की लोकेशनचं पान फार लांब आहे, कामाचं सापडत नाही. मी ते पान छोटं केलं. उचलून वापरायचा तयार कोड वर घेतला. लाल परिच्छेद काढून त्याच्या जागी 'सुरक्षेसाठी दुसरं पान पाहा' अशी एक ओळ टाकली. कुलूप उघडं ठेवणारा कोड तसाच राहिला, कारण तो लगेच चालून दिसायचा. जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटांत काम झालं. चार जणांनी आभार मानले. ताईंना विचारावं असं मनात आलं होतं, पण त्या कशात आहेत आणि आपण काय विचारतोय, असं म्हणून फोन खाली ठेवला. वडील गेले. दिवसकार्य आटोपून ताई परतल्या तेव्हा आणखी कितीतरी बदल त्या पानांवर चढले होते, आणि माझा बदल त्यांच्याखाली दबून गेला.

सहा-सात महिन्यांनी त्यांचा फोन आला. कामाच्या वेळी त्या कधी फोन करत नसत. आवाज अगदी सपाट होता. दर्यापूरकडच्या एका ओळखीच्या कार्यकर्तीने शिवणकाम करणाऱ्या बायकांसाठी अ‍ॅप करून घेतलं होतं. कपडे कोणाकडून कुठून उचलायचे ते त्यात दिसायचं. त्यातली एक बाई नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून घर सोडून अकोल्यात खोली करून राहत होती. पत्ता माहेरीसुद्धा दिलेला नव्हता. नवऱ्याच्या मोबाइल दुरुस्त करणाऱ्या मित्राने ते अ‍ॅप उघडून पाहिलं. कुलूप नव्हतंच. नवरा सरळ तिच्या दारात जाऊन उभा राहिला.

"कोड आपला हाय," ताई म्हणाल्या. "ओळन् ओळ. मी ताडून पायलं."

कोणी बदललं, हे विकी लपवत नाही. प्रत्येक बदलापुढे नाव आणि वेळ असते. त्यांनी ते पाहिलेलं होतं, आणि त्यांनी पाहिलंय हे मला कळलं होतं. त्या फक्त म्हणाल्या, उद्या अकोल्याला ये.

सरकारी दवाखान्यात त्या बाईजवळ आम्ही दोघे उभे राहिलो. उजवा हात खांद्यापर्यंत प्लास्टरमध्ये, एक डोळा मिटलेला. शिवणारा हात. ताईंनी आपण कोण ते सांगितलं. तिला अ‍ॅपचं काही कळत नव्हतं. तिला एकच जाणून घ्यायचं होतं.

"त्याले माहा पत्ता सांगतला कोनं?"

मी खाली पाहत होतो. ताई तिच्या खाटेशी बसल्या आणि म्हणाल्या, "आमी."

मी नव्हे, हा नव्हे, आमी. त्या बाईने तोंड भिंतीकडे वळवलं.

त्यानंतर ताईंनी लाल परिच्छेद पानावर परत टाकला आणि ते छोटं पान वापरून कोणी कोणी अ‍ॅप केलं याचा ओळखीपाळखीतून शोध सुरू केला. संदेश पाठवून भागत नाही म्हणून स्वतः गेल्या. मीही सोबत असायचो. जीपमध्ये दाटीवाटीने बसून दर्यापूर, तीन बस बदलून धारणी. काहींनी ऐकलं आणि आमच्यासमोर कुलूप लावलं. धारणीत एकाने चहा पाजला आणि हसून सांगितलं, की चाललंय ते चालू द्या, इथं कोण पाहतंय. ताई दोन तास त्याच्या दुकानातून उठल्या नाहीत. अखेर त्याने कंटाळून कुलूप लावलं. परतताना त्या खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "जे सापडले ते सापडले. बाकीचे चालूच हायेत."

त्या प्रवासात त्यांनी मला एकदाही बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी त्यांनी संगणकाचं काम सोडून भावाबरोबर बाग पाहायचं ठरवलं. पांदणीच्या किल्ल्या, म्हणजे सगळे पासवर्ड, मला दिले. मी नको म्हटलं. इतके चांगले लोक आहेत, मलाच कशासाठी, असं विचारलं.

"तुले आता भेव वाटते," त्या म्हणाल्या. "बाकीच्याले अजून वाटत नाही."

आता प्रत्येक बदल मी मोठ्याने वाचतो. नवी मुलं मला हसतात.

गेल्या महिन्यात एका अनोळखी शिक्षकाचा संदेश आला. "तुमचं लोकेशनचं जुनं, छोटं पान फार उपयोगी होतं. मी ते तेव्हाच उतरवून ठेवलं आणि दरवर्षी वर्गाला त्यावरूनच शिकवतो, एका शब्दाचाही बदल न करता. आभार." गावाचं नाव नव्हतं. मी ताबडतोब सगळं लिहून पाठवलं. उत्तर नाही. मग ताईंना फोन लावला. मागे पाण्याच्या मोटारीचा आवाज होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि मग मोटार बंद झाल्याचं मला ऐकू आलं.

"लिहीत राय त्याले," त्या म्हणाल्या. "रोज लिही."

रोज सकाळी कामाला बसण्याआधी मी त्या माणसाला लिहितो. त्याने अजून एकही संदेश उघडलेला नाही.