धुतलेली कुमुदिनी

आम्रपालीबाई दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झाल्या, पण हात काही निवृत्त झाले नाहीत. घरात येणारी प्रत्येक वस्तू आधी धुवायची, मग आत. त्यांचे यजमान बापूराव म्हणायचे, "मला अजून उकळून घेतलेलं नाही, हेच नशीब."

आणि अशा बाईंचा जीव कशावर जडावा? हिंजवडीतल्या त्यांच्या सोसायटीमागच्या डबक्यावर! डबक्यात कुमुदिनी होती, कवितेतली चांदण्यात उमलणारी नव्हे, ही दिवसाची. झालरीची चिमुकली पांढरी फुलं सकाळी उमलायची, संध्याकाळपर्यंत मिटायची, दुसऱ्या दिवशी नवी. पाणी वाढलं की देठही लांबायचा, पान आपलं वर तरंगतंच. बाईंची आई चंद्रभागाबाई इथल्या शेतात खुरपायला यायची, तेव्हापासून पौर्णिमेला घरातल्या बुद्धमूर्तीपुढे याच डबक्यातलं फूल असे. आई गेली, शेतं गेली, फूल तेवढं राहिलं होतं.

मग डंपर आले. डबक्यावर भराव पडणार म्हटल्यावर बाई तडक खाली उतरल्या. वॉचमनला गळ घालून त्यांनी एक रोप मुळासकट काढवून आणलं आणि सवयीने नळाखाली धरलं. मुळांना चिकटलेला काळा चिखल खसाखसा चोळून काढला. स्वच्छ टब, त्यात फिल्टरचं पाणी, त्यात रोप. धुण्याचा राडा, तुटक्या पानांसकट, बापूरावांनी सोसायटीच्या भिंतीपलीकडच्या खड्ड्यात ओतून दिला.

इकडे डबकं बुजलं आणि तिकडे टबातली पानं पिवळी पडू लागली. बाईंची झोप उडाली. त्या रोज पाणी बदलायच्या आणि रोज एखादं पान गळायचं.

"अहो, हिला काय कमी पडतंय?"

"कमी कुठे? फिल्टरचं पाणी आपल्यालाही एवढं मिळत नाही."

बाई हसल्या नाहीत. शेवटी मुळं बोटांत विरघळली, तेव्हा त्या गॅलरीत नुसत्या उभ्या राहिल्या. आईची एक गोष्ट सांभाळायला होती, तीही हातची गेली.

तेवढ्यात त्यांचं लक्ष भिंतीपलीकडे गेलं. खड्ड्यातल्या गढूळ पाण्यावर एक गोल हिरवं पान होतं. देठाचा तुकडा असला की कुमुदिनीचं तुटकं पानसुद्धा चिखलात मूळ धरतं. फेकलेलं जगलं होतं, जपलेलं कुजलं होतं. आणि खडीचा डंपर त्याच खड्ड्याकडे मागे मागे येत होता.

बाई चप्पल न घालताच धावल्या. "थांबवा हो, जरा थांबवा!"

"मावशी, साप असंल तिथं," ड्रायव्हर ओरडला. तोवर बाई घोटाभर राड्यात उतरल्या होत्या. दोन्ही हात कोपरापर्यंत घालून त्यांनी पान चिखलासकट उचललं, ओटीत घेतलं. त्या वर चढल्या आणि मागे खडी ओतली गेली.

दारात बापूराव साबण घेऊन तयार. इतक्या वर्षांची शिस्त.

"राहू द्या," बाई म्हणाल्या. "धुवून धुवूनच मारलं मी तिला."

ओटीतला सगळा चिखल त्यांनी टबात रिकामा केला. आता पान तगेल का, हा घोर लागला. सकाळी उठलं की चहाच्या आधी टब. पान मेलं नव्हतं, पण वाढतही नव्हतं.

पौर्णिमा आली, फूल काही आलं नाही. बाईंनी पुसून लख्ख केलेल्या फरशीवर, बुद्धमूर्तीपुढे, चिखलाचा तो टबच आणून ठेवला आणि काळ्या नखांचे हात जोडले.