वाइंडिंगवाल्या मावशीचं छप्पर

"हे तुमचं काम नाही" असं मावशींना ज्यानं ज्यानं सांगितलं, त्याला ते काम त्यांच्याच हातून झालेलं पाहावं लागलं. धाड गावच्या बाजारात पंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तांब्याची तार भरून देण्याचं, म्हणजे वाइंडिंगचं, दुकान त्यांच्या नवऱ्याचं. तो वारला तेव्हा भाऊबंदांनी दुकान विकायचा सल्ला दिला. तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी मावशी दुकान उघडून विहिरीवरची एक मोटार पुढ्यात घेऊन बसल्या. तेव्हापासून गाव त्यांना वाइंडिंगवाली मावशी म्हणू लागलं. मी तिथल्या शाळेत शिक्षिका म्हणून आले आणि त्यांच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहिले, तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. माघार घेणं मात्र अजून शिकल्या नव्हत्या.

घर साधंच, वर इंग्रजी कवेलू, म्हणजे मंगलोरी कौलं. उत्तरेच्या बाजूनं परसातला कडुनिंब छपरावर वाकलेला. तिथं ऊन लागत नसे आणि पावसाळ्यात त्या उतरणीवर शेवाळाची हिरवी गादी चढे. शेवाळ पाणी धरून ठेवतं, ते पाणी कवेलूखाली शिरतं आणि घर गळतं. सगळ्या गल्लीजवळ दोनच उपाय होते : झाड तोडा, नाहीतर छप्पर पाडून स्लॅब टाका. मुलगा संजय जालन्याला नोकरीला होता, त्यालाही स्लॅबच हवा होता. एकानं छपरावर अ‍ॅसिड ओतायला सुचवलं, तेव्हा मावशी उखडल्या. त्या छपराचं पाणी पन्हाळीतून हौदात जाई आणि त्यांची डाळ त्याच पाण्यात शिजे.

"बोअरच्या पाण्यात तुरीचा दाणा दुपारपर्यंत मोडत नाई," त्या म्हणाल्या. "अन् छपरावर अ‍ॅसिड टाकून तेच पाणी पिऊ? काऊन बे, मी काय बॅटरी आहो?"

शेवाळाशी त्यांचा उभा दावा होता. वैशाखात ते वाळून खडखडीत झालं की मावशी पदर खोचून शिडीवर. हातात खुरपं नाही. लाकडी उलथणं आणि खराटा. लोखंडानं कवेलूवर ओरखडे पडतात आणि शेवाळ त्यांतच पाय रोवतं, हे त्या मला दर वर्षी नव्यानं सांगत. खराटा वरून खाली, केस विंचरावे तसा. निंबाची छपरावर आलेली तेवढी फांदी उतरवायची, उन्हाला वाट द्यायची, झाडाला हात लावायचा नाही. एकदा शेजारचे आप्पा खालून म्हणाले, "वहिनी, बाईमाणसानं छपरावर चढू नाई." मावशी वरूनच म्हणाल्या, "मंग तुम्ही या वर. मी खाली उभी राहून शिकवतो." आप्पांना तेवढ्यात घरातलं काही काम आठवलं.

खरी युक्ती त्यांना दुकानानं शिकवली होती. जळक्या मोटारीतून काढलेल्या तारेचं एक वेटोळं कधीतरी छपरावर पडून राहिलं होतं. पावसाळा सरता सरता मावशींनी पाहिलं, तर वेटोळ्याच्या खालचा पट्टा स्वच्छ लाल आणि आजूबाजूला सगळं हिरवं. तांब्यावरून ओघळलेलं पाणी शेवाळाला सोसत नव्हतं, माणसं तर तांब्याच्या हंड्यातलंच पितात. मग त्यांनी तांब्याच्या तारेवरचं उरलंसुरलं वार्निश जाळलं, तार चिंचेनं लखलखीत घासली आणि छपराच्या माथ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत लावायची ठरवली. लोक म्हणाले, तांबं चोरीला जाईल. मावशी म्हणाल्या, "माह्या छपरावर चढाची हिंमत कोणात आहे, ते तरी कळंल."

त्याच उन्हाळ्यात संजय ठेकेदाराला घेऊन आला. मावशींनी ठेकेदारासमोरच संजयला शब्द दिला, "या पावसाळ्यात घरात एक थेंब जरी पडला, तर पह्यलं कवेलू मी सोता उतरवतो. नाई पडला, तर स्लॅबचं नाव काढू नको." संजयनं मान्य केलं. आता छप्पर, हौद, निंब, सगळंच त्या एका थेंबावर आलं.

तार लावायला त्यांनी मला वर घेतलं. "मधोमध पाय देऊ नको. खालून लाकडाची रीप जाते, दोन कवेलू एकावर एक येतात, तिथं दे." मी हो म्हटलं आणि तिसरं पाऊल मधोमध टाकलं. बारीकसा आवाज झाला. मावशी तारेत गुंतल्या होत्या. मी गप्प राहिले. वर्गात पोरांना खरं बोला म्हणून शिकवणारी मी.

श्रावणात झड लागली. तिसऱ्या दिवशी माझ्या अंथरुणापाशी थेंब पडला. मी खाली पातेलं ठेवलं आणि आवाज होऊ नये म्हणून पातेल्यात फडकं. दोन दिवस मावशींना काही ना काही सबब सांगून खोलीबाहेरच ठेवलं. पण त्या गरम भाकर घेऊन थेट आत आल्या. पातेलं पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगून टाकलं.

"कवेलू फुटते, त्याचं काई नाई," त्या म्हणाल्या. "पण तू मले खोटंनाटं जिंकवून राह्यली होती. ते मले नाई चालत." तिथंच उभं राहून त्यांनी संजयला फोन लावला. "गळलं. थेंब नाई, पातेलंभर. ये." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

रविवारी संजय ठेकेदाराला घेऊन आला तेव्हा पाऊस उघडला होता आणि शिडी लागलेली होती. मावशी पहिलं कवेलू उतरवायला वर पोचल्या होत्या. मला राहवलं नाही. "ते मी फोडलंय," मी संजयला म्हटलं. मावशी वरून गरजल्या, "तू मधात बोलू नको. शब्द मी देल्ला होता." संजय वर चढला. एक कवेलू मधोमध तडकलेलं होतं. बाकी सगळी उतरण तारेखाली लाल होती, भर श्रावणात, शेवाळाचा ठिपका नाही. तो तिथं उकिडवा बसून तारेवरून बोट फिरवू लागला.

"माय, पह्यलं कवेलू उतरवतो म्हणली होती ना?" तो म्हणाला. "मंग हे फुटकं उतरव. शब्द पुरा झाला."

मावशींनी त्याच्याकडे संशयानं पाहिलं. मग ते फुटकं कवेलू काढलं आणि नवं बसवलं. ठेकेदार चहा पिऊन गेला.

पुढे माझी मेहकरला बदली झाली. मागच्या हिवाळ्यात मावशी गेल्या. वैशाखात संजयचा फोन आला, तेव्हा वाटलं, छप्पर पाडल्याचं सांगतोय. तो म्हणाला, "मॅडम, तार काळी पडली. ती चिंचेनंच घासाची ना? मले लावता येत नाई. येता का?"

मी गेले. संजयनं खालून शिडी धरली आणि मी खराटा घेऊन चढले. "मधोमध पाय देऊ नका," तो खालून म्हणाला, आणि माझे डोळे भरून आले. तेवढ्यात आप्पा काठी टेकत कुंपणापाशी आले. आता चांगलेच थकलेत. वर बघत म्हणाले, "मॅडम, बाईमाणसानं..."

मी रीप शोधून पाय नीट रोवला. "मंग तुम्ही या वर, आप्पा," मी म्हटलं. "मी खाली उभी राहून शिकवतो."