प्रागचं मावंदं

मधुवंतीबाईंनी नाताळच्या सुट्टीत गुपचूप लग्न उरकलं, आणि नवराही गोरा केला, ही बातमी मंगळवार पेठेतल्या त्या गल्लीत सकाळच्या दुधाबरोबर आली. आणली पिराजीनं. पिराजी घरोघरी म्हशीचं दूध घालतो आणि मापावर थोडी वरकड बातमीही घालतो. पहाटे बाईंना टॅक्सीत बसताना त्यानं पाहिलं होतं. अंगात लालभडक कोट, हातात नवी कोरी बॅग, वर 'परत येईपर्यंत दूध बंद' असा निरोप. एवढ्या ऐवजावर लग्न लागायला कितीसा वेळ?

दुपारपर्यंत खरं काय ते कळलं. घराच्या किल्ल्या शेजारच्या वर्षाराणीकडे होत्या, त्यामुळं माहितीही तिच्याकडेच होती. इंग्रजी शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या, बिनलग्नाच्या मधुवंतीबाई प्राग नावाच्या शहरी गेल्या होत्या. एकट्या. तिथं कुणी नातेवाईक नाही, काम नाही, आजारपण नाही. नुसतं फिरायला. लग्न केलं असतं तर गल्लीनं एक वेळ माफ केलं असतं, चार दिवस चघळून सोडून दिलं असतं. पण हे कुणालाच गिळेना.

वर्षाराणीला तर त्या दिवशी खरोखरच घास गेला नाही. त्याला कारण होतं. परदेश हे खातं गल्लीत तिच्याकडे होतं. नवरा विजयसिंह, उचगावात त्याचं पंपाच्या जळक्या मोटारी भरून द्यायचं दुकान, आणि त्याच्यासोबत ती एकदा दुबईला जाऊन आलेली. तेव्हापासून भाजी महागली तरी 'दुबईला असं न्हाय हं', आणि लाईट गेली तरी 'दुबईला असं न्हाय हं'. हळदीकुंकवाला बायका तिच्याभोवती बसत, डोळे मोठे करून ऐकत. आता संक्रांत तोंडावर आली होती आणि ही मास्तरीण दुबईच्या पार पलीकडं जाऊन बसली होती.

"एकटी गेलीया म्हंजे काय, माणूसच मिळालं न्हाय संगं यायला," वर्षाराणी विजयसिंहला म्हणाली.

"बरं हाय की. बॅगा उचलायला न्हाईत कुणाच्या," तो पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला. तिनं त्याच्या पुढचा चहा उचलून नेला.

रोज संध्याकाळी महिला मंडळाच्या ग्रुपवर फोटो पडू लागले. दगडी पूल, ट्राम, बर्फ. रस्त्यावर मोठाल्या टबात जिवंत मासे घेऊन बसलेले विक्रेते, कारण तिकडं नाताळला म्हणे माशाचंच जेवण. वर्षाराणीनं एकेक फोटो बोटांनी ताणून ताणून पाहिला आणि तिला मुद्दा सापडला. बाई स्वतः एकाही फोटोत नव्हत्या. तिनं लगेच ग्रुपवर लिहिलं, 'फोटो काढायला पण कोण नाही वाटतं.' खाली कुणीतरी लिहिलं, 'त्यामुळं गाव तरी दिसलं.' वर्षाराणीच्या दुबईच्या फोटोंत वर्षाराणीच दिसते, दुबई तिच्या खांद्यामागं कुठंतरी असते, हे गल्लीला पाठ होतं. ग्रुपवर हसणारी तोंडं एकामागोमाग येत राहिली.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी बाईंनी लिहिलं, 'आज इथं सगळं बंद. खोलीत बसून दशमी आणि ठेचा खाल्ला, खिडकीतून बर्फ बघितला.'

वर्षाराणीला बरं वाटलं. बघा, सणासुदीला अन्नाला महाग. त्याच आनंदात ती किल्ली घेऊन बाईंच्या तुळशीला पाणी घालायला गेली. पाणी घालून झालं. खिडकीपाशी बाईंची वेताची खुर्ची होती, तिच्यात ती जरा टेकली. घरात कसला आवाज नाही. कुणी काही मागत नाही. दुबईला समुद्राकाठी एक बाक होता, त्यावर तिला असंच बसायचं होतं. पण गाईडचा झेंडा पुढं गेला आणि विजयसिंह 'चल, चल, बस सुटल' म्हणून ओरडत राहिला. हे तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. आता ती खुर्चीत बसली आणि बर्फाकडं बघत ठेचा खाणाऱ्या त्या बाईचा तिला इतका राग आला की डोळ्यांत पाणीच आलं.

"वर्षा, चहा," पलीकडून हाक आली. ती उठली.

आणि मग अक्का मध्ये पडल्या. अक्का गल्लीतल्या सगळ्यांत वडील. त्यांच्या शब्दापुढं नगरसेवकसुद्धा चप्पल काढून उभा राहायचा. त्यांना कुणीतरी त्या पुलाचा फोटो दाखवला. खाली नदी, दोन्ही कठड्यांवर रांगेनं साधुसंतांच्या दगडी मूर्ती. अक्कांनी फोनलाच हात जोडले आणि फर्मान सोडलं. मधू आली की मावंदं घालायचं. काशी करून आलेल्याचं घालतात तसंच. पुरणपोळी, पाय धुणं, सगळं.

वर्षाराणी धावत गेली. "अहो अक्का, ती देवाला न्हाय गेली. मौजमजा कराय गेलीया."

"मौज असती तर एकटी कशाला गेली असती?" अक्का म्हणाल्या. "मौजंला चार माणसं लागत्यात. एकटं माणूस देवालाच जातंय."

एकटी, एकटी म्हणून गल्लीभर डांगोरा तिनंच पिटला होता. आणि मावंद्याला पाय धुवायचा मान पडतो शेजारणीकडं.

बाई परत आल्या आणि दुसऱ्याच दिवशी अक्कांच्या अंगणात पाटावर बसवल्या गेल्या. 'अहो अक्का, मी नुसती भटकत होते,' असं त्या दोनदा म्हणाल्या. अक्कांनी ते विनय म्हणून सोडून दिलं. नदीचं पाणी आणलं नाही म्हणून मात्र रागावल्या. बाईंनी आणलेली आल्याची बिस्किटं तुकडे करून प्रसाद म्हणून वाटली. बायकांनी डोळे मिटून खाल्ली.

"वातड हायत," वर्षाराणी म्हणाली. कुणी ऐकलं नाही. तिच्या हातात तांब्या आला. दुबईहून आली तेव्हा तिला पाण्याचा पेला कुणी दिला नव्हता, आणि आज सगळ्या गल्लीदेखत ती परात ओढून मास्तरणीपुढं उकिडवी बसली होती. अजून एकच संधी होती. बाईंच्या तोंडून जर रडगाणं निघालं, तर मान आपला राहील. तिनं पायांवर पाणी ओतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं,

"खरं सांग मधू. ना कोण बोलायला, ना कोण विचारायला. एवढ्या परमुलखात एकटीला करमलं तरी कसं गं?"

बायका जवळ सरकल्या. अक्काही पुढं वाकल्या.

बाईंनी परातीतला पाय जरा मागं घेतला आणि म्हणाल्या, "करमलं की. एकटी का म्हणून तिथं मला एकानंबी विचारलं न्हाय."