हार्ड डिस्कची सुटलेली वायर
सोललेल्या सुपारीचा वास आला की श्रीवर्धनच्या घरातला, पोत्यांशेजारचा कॉम्प्युटर आठवतो. सून त्यावरचं विंडोज काढून लिनक्स घालणार होती. माझ्या दिवंगत पत्नीचे फोटो पुसले जातील या भीतीने मी गुपचूप हार्ड डिस्कची वायर काढली. "डिस्क दिसतच नाही," सून म्हणाली. "चांगल्या मशीनची वाट लावलीस!" मुलगा तिच्यावर खेकसला. मी सुपारी सोलत राहिलो. तिने कॉम्प्युटरचा डबा उघडला, वायर पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. "खाऱ्या हवेने सुटलीय," ती त्याला म्हणाली, आणि हळूच मला, "बाबा, आधी आईंचे फोटो पेनड्राइव्हवर घेऊ." एवढ्या वर्षांनी काल मुलाला खरं सांगितलं. तो तिच्याकडे वळला, "तुला ठाऊक होतं?" ती हसली, "बाबा स्वतःच सांगतील, म्हणून थांबले होते."