भुकेल्या पोरांची सुमनताई

सुमनताई गेल्याचं मला रेखानं फोनवर सांगितलं. सकाळची वेळ होती, मी मेथी निवडत बसले होते. "काकू, मोठी आई गेली..." एवढंच बोलून ती थांबली. रेखा ही सुमनताईंच्या दिराची मुलगी, आता नाशिकला पोलिसात आहे. दम्यानं बेजार झालेल्या सुमनताईंना तिनंच उपचारासाठी आपल्याकडे नेलं होतं. जाताना रिक्षात बसल्यावर सुमनताई मला म्हणाल्या होत्या, "येते बरं का वैनी. तिकडं लई दिवस नाय राहायची मी." रेखाच्या त्या फोनलाही आता महिना उलटून गेला. मुकुंदवाडीतल्या आमच्या गल्लीत त्यांच्या घराला कुलूप आहे आणि मधल्या बुटक्या भिंतीपलीकडून दिवसभरात मला कुणी हाक मारत नाही.

आम्ही इथं राहायला आलो तेव्हा भोवती शेतं होती. मग एकेक शेत प्लॉट होत गेलं, गल्ल्या पडल्या, पाण्याच्या आधी माणसं आली. सुमनताईंचं कुटुंब देवगाव रंगारीचं. यजमान चिकलठाण्याच्या एका कारखान्यात, दोन खोल्यांचं घर, पदरात दोन मुलगे. पुढं लागोपाठ दुष्काळ पडला. गावाकडच्या विहिरी आटल्या आणि धाकट्या दिरानं आपली रेखा आणि तिचा लहान भाऊ गणेश यांना शाळेसाठी म्हणून इथं आणून सोडलं. पुढच्या उन्हाळ्यात नणदेचीही दोघं आली. शाळा हे निमित्त होतं. पोरांना दोन वेळ पोटभर मिळावं हे खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं, पण ते कुणी बोलून दाखवत नव्हतं.

आणि ती पोरं तरी कशी! रेल्वे स्टेशनाजवळच्या मोकळ्या जागेत कबड्डी, शिवाशिवी, नुसती पळापळ. टँकरचा भोंगा वाजला की घागरी घेऊन पुन्हा पळापळ. दप्तर पडलं न पडलं तोच एकदम गलका व्हायचा, "खायला काय?" कारखान्याचा पगार होता तेवढाच, तोंडं मात्र वाढलेली. सुमनताई पहाटेपासून त्या एका प्रश्नाच्या तयारीत असायच्या. मटकी भिजवलेलं पाणी फेकायचं नाही, ते दारातल्या शेवग्याला. शेवग्याचा कोवळा पाला बाजरीच्या पिठात. सकाळी भाकरीबरोबर जवसाची चटणी, शाळेतून आल्यावर हरभऱ्याच्या घुगऱ्या नाहीतर भिजवून फोडणी दिलेल्या चुरमुऱ्यांची सुशीला, खेळायला निघताना मुठीत शेंगदाणे आणि गुळाचा खडा. कोपऱ्यावरच्या नव्या दुकानात रंगीत पुड्या लटकू लागल्या तेव्हा पोरांनी हट्ट धरला. सुमनताईंनी ज्वारीच्या लाह्या फोडल्या, तेल-हळद-मीठ लावलं आणि वर्तमानपत्राच्या पुड्या बांधून प्रत्येकाच्या हातात दिल्या. "पुडीच पायजे ना? घ्या पुडी!" पोरं हसत सुटली आणि त्या लाह्या मैदानावरच्या इतर पोरांतही वाटल्या गेल्या.

माझी अश्विनी एकुलती एक, जेवणाच्या नावानं रडणारी. तीही हळूहळू भिंत ओलांडून एका परातीभोवतीच्या त्या पंगतीत जाऊन बसू लागली. घरी पोळीचा घास गालात धरून बसणारी मुलगी तिथं भाकरीसाठी भांडायची. मी संकोचून काही नेऊन दिलं तर सुमनताई म्हणायच्या, "राहू द्या वैनी. चिमणीएवढं तर खाती."

तरीही एकदा घात झालाच. शाळेच्या शर्यतीचा सराव चालू असताना रेखा चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी अंगात रक्त कमी असल्याचं सांगितलं. निरोप गेला तसे तिचे वडील गावाहून आले. मी तिथंच होते. ते ओसरीवर बसून मान खाली घालूनच म्हणाले, "पोरगी घेऊन जातो. हितं ठिवून काय फायदा झाला?" सुमनताई पदराचं टोक नुसतं बोटाला गुंडाळत राहिल्या. परत गेली की रेखाची शाळा संपणार होती, हे सगळ्यांना कळत होतं. तेवढ्यात दाराआडून गणेश रडत बाहेर आला. "ताई तिची भाकर मला देती... मला लई भूक लागती."

सुमनताईंनी त्याला जवळ ओढलं. मग दिराला म्हणाल्या, "चुकलं माझं, भाऊजी. परातीत वाढलं की समद्यांच्या पोटात गेलं, आसं वाटलं मला. दिवाळीपर्यंत ठिवा तिला. नाय सुधारली तर मीच आणून घालते." रेखाच्या वडिलांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि चहाही न घेता ते एकटेच परत गेले.

त्या दिवसापासून पोरांची ताटं वेगळी झाली. सुमनताई समोर बसून राहायच्या. गणेशचं ताट आधी भरायच्या, त्याचं पोट शांत झाल्याशिवाय रेखाचा हात मोकळा होणार नाही हे त्यांनी ओळखलं होतं. मला म्हणाल्या, "कुनाचं पोट भरलं ते हाताकडं बघून नाय कळत वैनी, डोळ्याकडं बघावं लागतं." दिवाळीला वडील न्यायला आले तेव्हा रेखा गल्लीच्या टोकापर्यंत पळत सामोरी गेली. वडिलांनी पिशवी खाली ठेवली आणि तिच्याकडे बघतच राहिले. न्यायची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही. पुढं पोलिस भरतीत ती धावली, निवडली गेली.

मग सगळीच पोरं मोठी होऊन गेली... कुणी पुण्याला, कुणी वाळूजला. माझी अश्विनी बंगळूरला. मैदानाच्या जागी इमारती आल्या. सुमनताईंचे यजमान गेले, मागोमाग आमचे हेही. थोरल्या मुलानं सुमनताईंना हट्टानं पुण्याला नेलं, पण त्या लवकरच परतल्या. मी कारण विचारलं. सून चांगली, घर चांगलं, नातवंडं गोड. मग शेवग्याकडे बघत म्हणाल्या, "तिथली लेकरं भुकेलीच नसत्यात वैनी. मंग मी काय करू?" त्या संध्याकाळी दोघींनी मिळून चहा प्यायला. कप रिकामे झाले तरी उठवत नव्हतं.

परवा मनात आलं म्हणून हुलग्याचे शेंगोळे करायला घेतले. हा पदार्थ माझ्या माहेरी नव्हता, मी तो भिंतीपलीकडे बसून सुमनताईंकडूनच शिकले. त्यांनी कधी माप सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. ओंजळीनं पीठ घ्यायचं, लसूण-जिऱ्याचं वाटण, मीठ, घट्ट मळायचं, वळून उकळत्या आधणात सोडायचे. हात आपोआप चालत राहिले. झाकण काढलं तर पातेलं काठोकाठ भरलेलं. एवढे शेंगोळे मी एकटी किती दिवस खाणार! कमी कसे करायचे ते मला आठवेचना, कारण सुमनताईंना थोडे करताना मी कधी पाहिलंच नव्हतं. एक ताट वाढून घेतलं आणि पातेल्यासमोर जमिनीवर बसले. चव मात्र तीच आली होती.