काकूंचा आवाज मोठा करताना

झाडे सर प्रॅक्टिकलला कुणावर ओरडत नसत. एखाद्या पोरानं एकाच ऑपॲम्पकडून, म्हणजे बारीक संकेत मोठा करणाऱ्या त्या चिमुकल्या चिपकडून, भलतंच काम मागितलं की ते ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर बोट ठेवून म्हणत, "पट वाढोला का सुरांचा पट्टा आखडते, बाबू. आवाज मोठा भेटन, पण वरचे सूर कापले जातीन." हिंगणघाटच्या आमच्या तंत्रनिकेतनात हे वाक्य पोरांना तोंडपाठ होतं. मी शेजारच्या प्रयोगशाळेत शिकवत होते.

मग काकूंना, सरांच्या पत्नीला, नसांचा आजार झाला. हात लुळे पडले, घास गिळवेना, आणि अल्लीपूरच्या शेतात या बांधावरून त्या बांधाला हाक पोचवणारी ही बाई कुजबुजीवर आली. डॉक्टरांनी हात टेकले. बाजारातल्या माईकनं तो आवाज उचलला नाही, तेव्हा सरांनी स्वतः सर्किट जुळवायचा ब्रेडबोर्ड काढला.

पहिल्या सर्किटमध्ये त्यांनी एकाच चिपवर हजारपट वाढ लावली. काकू 'चहा' म्हणाल्या. हेडफोनमध्ये नुसता घुमारा आला. कुजबुजीतला अर्थ असतो तो च, स, श यांच्या सळसळीत, आणि नेमकी तीच कापली जात होती. जन्मभर शिकवलेला नियम सर विसरले नव्हते. तो आपल्यापुरता तरी मोडावा म्हणून ते चिपमागून चिप बदलत होते.

"सर, वाढ दोन टप्प्यांत वाटून द्या ना," मी म्हटलं.

"मले समजत नाई का, मॅडम?" ते पहिल्यांदाच माझ्यावर खेकसले. "दोन टप्पे केले का पट्टा रुंद होते, अन् साऱ्या घराची खरखर आत घुसते. तिचं बोलणं त्यात बुडून राह्यलं. रोज थोडं कमी होऊन राह्यलं. मी काय करू, सांगा ना!"

शेवटी त्यांनी दोन टप्पेच केले आणि घर बंद केलं. मे महिन्यातली दुपार. कूलर बंद, पंखा बंद, फ्रिजची पिन उपसलेली. मी गेले तेव्हा दोघं घामानं निथळत होते. सरांनी एक हेडफोन मला दिला. काकूंचे ओठ हलले, आणि शब्द स्वच्छ आले.

"पंखा लावा जी. तुमी मरसान."

सर हसले आणि हसताहसताच रडायला लागले. "अजून बोल. काईही बोल." पंखा मात्र लावला नाही.

पावसाळा लागेपर्यंत कुजबुजही गेली. सरांनी माईक काकूंच्या छातीवर चिकटवला आणि पुन्हा एकाच चिपवर होईल तेवढी वाढ चढवली. "आता शब्द कुठं हायेत?" ते म्हणाले. "ठोका ऐकू आला तरी बस. त्याले पट्टा लागत नाई."

त्या सकाळी काकूंचा भाऊ आणि मी उशाशी होतो. काकू झोपल्यासारख्याच दिसत होत्या. अचानक सरांनी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबला, मग वाढीचं बटण शेवटापर्यंत फिरवलं. भावानं काकूंच्या नाकापाशी हात धरला आणि मान खाली घातली. सर त्याच्याकडे बघत नव्हते. बटण आणखी फिरतं का, ते पाहत होते.