आक्काला मुंबई दाखवली तेव्हा

माझी बहीण माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. तिला मी आक्का म्हणतो. लग्न होऊन ती माळशेज घाटाजवळच्या मढला गेली. मी महाळुंगे पडवळला वडिलांच्या घरात राहिलो आणि शेती बघत मंचरच्या शाळेत शिकवायला लागलो. आक्काने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत तिचा फोन आला, "भाऊ, मला एकदा मुंबई बघायचीय. दोनच दिस. नेशील का?" तेव्हा मी लगेच हो म्हणालो.

"दाजींना विचारलंस का?"

"सांगितलंय," ती म्हणाली.

मी नारायणगावला एसटीत बसलो आणि ती मढला चढली. नवी साडी नेसली होती, पिशवीत भाकऱ्या आणि ठेचा होता. बस माळशेज घाट उतरायला लागली आणि आक्का बोलायला लागली. आधी माझ्याशी, मग पलीकडच्या सीटवरच्या बाईशी. मुलगा चाकणला कंपनीत लागला, मुलगी सासरी बाळंत झाली, यंदा पावसात भात आडवं पडलं, सगळं त्या बाईला कळलं. कल्याण आलं तरी संपलं नव्हतं.

गेटवेला आम्ही समुद्रात चक्कर मारणाऱ्या बोटीत बसलो. मला वाटलं, पाणी बघून ती गप्प होईल. तिने पाण्याकडे फारसं बघितलंच नाही. बोटवाल्याला विचारलं, "भय्या, तुमारे घरको कौन कौन हाय?" तो हसला आणि सांगत बसला. लॉजवर खोली दाखवायला आलेल्या बाईला तिने पाऊण तास बसवून घेतलं. मी कूस बदलून झोपेचं सोंग घेतलं. मी शाळेतला माणूस, चारचौघांत आवाज चढलेला मला खपत नाही. आणि खरं सांगायचं तर, मला तिची लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी राणीच्या बागेत गेलो. पेंग्विन बघायला रांग होती. काचेपाशी पोचल्यावर आक्काने शेजारच्या एका तरुण बाईचा हातच धरला आणि मुलीच्या बाळंतपणाची गोष्ट पुन्हा सुरू केली. ती बाई हात सोडवायला बघत होती. मागून कुणीतरी म्हणालं, "ओ काकू, पुढे व्हा की!" दोघे-तिघे हसले.

मी आक्काला दंडाला धरून बाहेर आणलं आणि बोललो, "जरा गप्प बस ना! कालपासून नुसती टकळी चालू आहे तुझी. लोक हसतायत आपल्याला."

ती गप्प बसली. वाघ बघितला, पाणघोडा बघितला, ती एक शब्द बोलली नाही. तासाभराने मलाच ते सोसेना. एका झाडाखालच्या बाकावर आम्ही बसलो. मी लिंबूसरबत आणलं, ते तिने हातात नुसतं धरून ठेवलं.

"रागावलीस का?"

"न्हाई रे. घरी गप्पच असती मी. सवय हाय."

"म्हणजे?"

"तुजं दाजी माज्याशी बोलत न्हाईत. तीन वरसं झाली."

मला आधी वाटलं, रागाच्या भरात बोलतेय. पण ती अगदी साध्या आवाजात सांगत राहिली. मुलगा घरी होता तोवर त्याच्या तोंडून चालायचं. सांग तुझ्या आईला, जेवायला वाढ म्हणावं. मुलगा चाकणला गेला आणि घरात फक्त दोघं उरली. आता ताट लागलं की ती भांडं वाजवते आणि ते येऊन बसतात. मुंबईला जायचं आहे, हा निरोपसुद्धा तिने शेजारच्या सुनेकडून दिला होता. दाजी तेव्हा तिच्यापासून दहा हातांवर ओसरीतच बसले होते.

"मारत्यात का? न्हाई. शिवी देत्यात का? न्हाई. मंग कुनाला काय सांगायचं?"

"पण झालं काय?"

तिने माझ्याकडे बघितलं नाही. "घोडेगावला सही केली ना, तवापासनं."

वडील गेल्यावर घोडेगावच्या कचेरीत तिने जमिनीतला आपला हिस्सा माझ्यासाठी सोडून दिला होता. बहिणींनी तसं करायचं, अशी आमच्याकडे रीतच आहे. मी तिला विचारलंही नव्हतं, फक्त तारीख कळवली होती. सही करून आल्यावर आम्ही मिसळ खाल्ली. ती पोट धरून हसली होती, कशाला ते आठवत नाही. दाजींनी तिला सही करू नको म्हणून बजावलं होतं, हे मला त्या बाकावर पहिल्यांदा कळलं.

"मला सांगायचंस ना आक्का."

"सांगून तू काय केलं असतंस?"



परतताना मीही तिच्याबरोबर मढला उतरलो. दाजी ओसरीत बसले होते. मला बघून उठले. "या पावणं, कसा झाला प्रवास? गर्दी असंल लई." मग तिच्याकडे न बघता मला म्हणाले, "चहा टाकती का इचारा." आक्का माझ्या शेजारीच उभी होती. विचारायची वेळ न आणता ती आत गेली.

मी घसा खाकरला. "दाजी, आक्काचा हिस्सा मी परत तिच्या नावावर करून देतो. पुढच्याच आठवड्यात जाऊ."

ते काही बोलायच्या आत आक्का दारात आली.

"काय गरज न्हाई. मी माज्या हातानं सही केलीया. जमीन दिऊन बोलणं इकत घ्यायचं का आता?"

दाजी मान खाली घालून तंबाखू मळायला लागले. चहा मी उभ्यानेच प्यायलो. तिने नको म्हटलं तेव्हा मला आधी सुटल्यासारखं वाटलं होतं. लाज त्यानंतर वाटली. तो क्रम मी आजवर कुणाला सांगितलेला नाही, बायकोलाही नाही.

आक्का अजून मढलाच आहे. दाजी अजून बोलत नाहीत. तिच्या मुलाने एकदा समजावून बघितलं, त्यांनी त्याच्याशीही आठवडाभर अबोला धरला. दुपारी शाळा सुटली की मी तिला फोन लावतो आणि ती अर्धा-पाऊण तास बोलते. कधी कधी मी फोन टेबलावर ठेवून वह्या तपासतो आणि मध्येच हूं म्हणतो. तिला ते कळत असणार. सातबाऱ्यावर माझं एकट्याचं नाव आहे.